काडीला काय होतंय

४ जून

धाकटे,

तुझं खोकं पोचलं. टपालवाल्याने ते दारात ठेवताना असा सुस्कारा टाकला, की मला वाटलं आता यालाच आधी पाणी द्यावं. म्हणाला, बाई, आत दगड भरलेत का? म्हटलं, नाही हो, निम्मी हवाच आहे. वेफर्सच्या पुड्यात दुसरं असतं काय?

फोन आहे तरी पत्र का लिहिते, हे तुला माहीतच आहे. फोन वाजला की तुझ्या दोघी पोरी कान टवकारून बसतात, आणि पलीकडून तू रडायला लागतेस. पोरींबद्दल पोरींसमोर काय बोलणार, कपाळ?

ढब्बूचं वजन पुन्हा वाढलंय. सतरा वर्षांची पोर, आणि काटा बहात्तरच्या पुढे. मी शाळाशाळांतून पोरांची वजनं घेत फिरणारी नर्स, आणि माझ्याच घरात हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आता तिचं ताट मी मोजून वाढते. गोड बंद केलंय. तुझ्या खोक्याला तर हातही लावू देत नाही. ती तोंड फुगवून बसते. बसू दे. बाबांचं तू पाहिलंयस ना? एवढं मोठं पोट, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी न्हाणीघरात कोसळले ते उठलेच नाहीत. त्या पोटानेच त्यांना नेलं. ढब्बूला मी त्या वाटेनं जाऊ देणार नाही, तिने माझ्याशी जन्मभर अबोला धरला तरी चालेल.

काडीचं मात्र काही बघावं लागत नाही बाई. चौदा पूर्ण झाली तरी वारा सुटला की धरून ठेवावी अशी. खोकी सगळी तिच्याच पोटात जातात, आणि तिथून कुठे जातात देव जाणे! सकाळी पुडा, शाळेतून आल्यावर पुडा, अभ्यासाला पुडा. जेवायला बसली की दोन घास चिवडून उठते. मी काही बोलत नाही. म्हटलं खाऊ दे, काडीला काय होतंय? अंगाला लागलं तर बरंच आहे. मोबाईल तेवढा हातातून सुटत नाही. सकाळी उठवायला घर डोक्यावर घ्यावं लागतं, आणि उठली की डोकं दुखतं म्हणते. दुखणारच! माझ्या पिशवीतली एक गोळी दिली की तासाभरात स्वारी पुन्हा हसत-खिदळत.

जुलैअखेर या दोघींच्या शाळेत आमची तपासणी आहे. सालाबादप्रमाणे मीच असणार. कळवीन काय ते.

तू तिकडे वेळेवर जेवतेस ना? खरं सांग.

तुझी ताई

१६ जून

ताई,

पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. टपालवाल्याचं वाचून मी एवढी हसले की शेजारची म्हणाली, लॉटरी लागली का?

मला आता पिंपावर घातलंय. वरून तळलेले वेफर्स पडतात, पिंप गरगर फिरतं, आणि मी मीठ-मसाल्याचं माप सोडत राहते. संध्याकाळी नुसते ओठ चाटले तरी खारट लागतात. केसांत, कानांत, नखांत मीठ. मला कुणी लोणच्याच्या बरणीत भरलं तर वर्षभर टिकेन. शनिवारी सील नीट न बसलेले पुडे कामगारांना वाटून टाकतात. बाकीच्या बाया घरी नेतात, मी खोकं बांधते.

ढब्बूच्या बाबतीत तू म्हणतेस तेच बरोबर. तिला अजिबात देऊ नकोस, रडली तरी देऊ नकोस. तिचा वाटा काडीला दे. वाईट वाटतं, पण बाबा डोळ्यांसमोर येतात. माझे हे गेले तेव्हा दोन पोरी पदरात होत्या, आणि तू म्हणालीस, तू जा कामाला, पोरी माझ्याकडे ठेव. तू नसतीस तर माझं काय झालं असतं ते मला विचारवत नाही. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही.

एक मात्र सांगते, तू हसू नकोस. मी निघाले तेव्हा काडी अकरा वर्षांची होती. माझ्या कमरेला अशी चिकटली होती की तुला तिची बोटं एकेक करून सोडवावी लागली. पहिलं वर्षभर फोनवर तिचा एकच प्रश्न, आई, कधी येणार? आता विचारते, आई, खोकं कधी येणार? मला तेही चालतं. माझ्या हातचं काहीतरी तिच्या पोटात जातंय ना, मग झालं. जेवण नाही तर नाही, पुडा तरी माझ्या पिंपातला असतो.

या वेळी तिने त्या झोप घालवणाऱ्या पेयाचे कॅन मागितलेत. परीक्षेला सगळ्याच पोरी पितात म्हणे. आमच्याच मालकाचा दुसरा कारखाना आहे तो. बघते मिळाले तर.

तुझी
धाकटी

३ ऑगस्ट

धाकटे,

तपासणी झाली. पाय सुजलेत, ते बादलीत सोडून पत्र लिहितेय. शाई ओघळली तर ते अश्रू समजू नकोस.

आमचं काम कसं चालतं ते तुला कधी सांगितलंच नसेल. हॉलमध्ये रांग लावायची. पोर काट्यावर उभं राहतं, मी उंची आणि वजन बघते. भिंतीवरच्या तक्त्यातल्या रेघेच्या खाली असेल तर कार्डावर ‘ठीक’चा शिक्का, आणि पोर वर्गात परत. रेघेच्या वर असेल तर पडद्यामागे. तिथे बीपीचा पट्टा, रक्त, लघवी, सगळं काही. सहाशे पोरं आणि आम्ही दोघी, त्यामुळे पडद्यामागे सगळ्यांना नेलं तर पुढची तपासणी येईल. ऑफिसनेच घालून दिलेली पद्धत आहे ही, मी गेली अकरा वर्षं तशीच करतेय.

ढब्बूची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे बघितलं नाही. मावशी म्हणून सवलत नको. काटा त्र्याहत्तर. मी म्हटलं, पडद्यामागे. मागच्या पोरी खिदळल्या. कुणीतरी म्हणालं, पडदा पुरेल का गं? ढब्बू खाली मान घालून गेली. आत सगळं उत्तम निघालं, बीपी, साखर, सगळंच. पण घरी आल्यापासून ती माझ्याशी बोलत नाहीये, आज चौथा दिवस. माझ्याही जिवाला लागलंय ते, पण कडू औषध दिल्याशिवाय गुण येत नाही.

काडीने मात्र हसवलं. छत्तीस किलो! मी सगळ्यांसमोर म्हटलं, पुढच्या वर्षी खिशात दगड घालून ये, नाहीतर काट्याला कळायचंच नाही कुणी उभं आहे म्हणून. शिक्का मारला तर जागची हलेना. म्हणते, मावशी, मला पण लाव ना पट्टा. म्हटलं, तुला कशाला? म्हणते, लाव ना, बघू दे. मी म्हटलं, अगं काडीपैलवान, तुझ्या दंडाला पट्टा लावला तर दंड मोडायचा आणि मला भरून द्यावा लागायचा. जा वर्गात, मागे रांग बघ केवढी आहे! गेली बिचारी. दारातून एकदा वळून बघितलं आणि गेली.

कॅन मिळाले तिला. चालू आहेत. अभ्यासाला बसते खरी.

तुझी ताई

१८ ऑगस्ट

ताई,

दंड मोडेल हे वाचून मी पिंपाजवळ हसत सुटले, मुकादम बघायला आला.

ढब्बूला माझ्याकडून जवळ घे. तिला म्हणावं आईने सांगितलंय, हे सगळं तुझ्या भल्यासाठी आहे. ती चिडून म्हणेल, भलं गेलं खड्ड्यात. म्हणू दे. माझाच स्वभाव आहे तो.

काडीने मला चार ओळींची चिठ्ठी पाठवलीय. ताई, अक्षर बघितलंस का तिचं? ओळ सोडून भलतीकडेच चाललेलं असतं. लिहिते, फळ्यावरचं धुरकट दिसतं. मोबाईलचीच करणी, दुसरं काय. चष्मा करून घे. फ्रेम तिच्या आवडीची घे, महागाची असली तरी चालेल. आमच्या घराण्यात सगळ्यांत सुंदर डोळे तिचे आहेत, तेवढं बघ.

शनिवारी मोठं खोकं टाकलंय. डिसेंबरात रजा मागितलीय, या वेळी देतील असं वाटतं. काडीला सांगू नकोस, अचानक दारात उभी राहीन.

तुझी
धाकटी

२२ सप्टेंबर

धाकटे,

चष्म्याचं काम थोडं लांबलंय. डोळे तपासणाऱ्याने आणखी एकाला दाखवा म्हटलंय, ते चालू आहे. काळजी करू नकोस.

सध्या खोकी पाठवू नकोस. माळ्यावर जागा नाही. कॅन तर नकोच.

ढब्बू बरी आहे. काडीही बरी आहे. मला जरा धावपळ आहे म्हणून थोडक्यात आटोपते.

ताई

१ ऑक्टोबर

ताई,

माळ्यावर जागा नाही म्हणजे काय गं? त्या माळ्यावर आईचा अख्खा संसार मावला होता, आणि माझं एक खोकं मावत नाही?

तीन दिवस पत्र उशाशी ठेवून विचार केला. तुझं पत्र कधी दहा ओळींचं नसतं. तू किराण्याची यादी लिहिलीस तरी त्यात दोन टोमणे असतात. काहीतरी झालंय. ढब्बू चोरून खातेय का? का माझ्या खोक्यांनी तुझी डोकेदुखी वाढलीय आणि तुला सांगायला संकोच वाटतोय? सरळ सांग. मी तुझ्यावर ओझं टाकून आले आहे हे मला कळतं, रोज कळतं. पण त्या खोक्याशिवाय मला पोरींना द्यायला आहे काय? मांडी नाही, ताट नाही, डोक्यावर हात नाही. तेवढंही बंद म्हणालीस तर मी इथे करते काय?

परवा फोन केला तर तू म्हणालीस, काडी झोपलीय. संध्याकाळी सहाला? काल केला तर पुन्हा झोपलीय. ती माझ्याशी बोलायला कंटाळलीय का? तसं असेल तर तेही सांग.

मी रागावलेली नाही. नाही, रागावले आहे.

धाकटी

९ ऑक्टोबर

धाकटे,

हे पत्र तुझ्या हातात पडायच्या आत मी तुला फोन करीन. पण फोनवर माझ्या तोंडून ‘ये’ एवढंच निघेल, म्हणून बाकीचं इथे लिहिते. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय. काडी आत आहे. जिवंत आहे, हे आधी वाच आणि मग पुढचं वाच.

चष्म्यासाठी नेली तेव्हा त्या माणसाने तिच्या डोळ्यांत प्रकाश टाकून बघितलं, आणि बराच वेळ बघतच राहिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, हिचं बीपी कधी मोजलंय? मी म्हटलं, हिचं? हिचं कशाला? तो म्हणाला, डोळ्याच्या आत रक्तस्राव दिसतोय, नंबरचा प्रश्नच नाही. मी तिला घरी आणली आणि माझ्या पिशवीतला पट्टा तिच्या दंडाला लावला. वरचा एकशे नव्वद, खालचा एकशे वीस. मला वाटलं यंत्र बिघडलं. दुसरं आणलं. शेवटी शेजारच्या आजोबांना लावून बघितलं, त्यांचं बरोबर आलं. पुन्हा तिला लावलं. तेवढंच.

तेव्हा मी तुला कळवायला हवं होतं. मी माळ्याचं खोटं लिहिलं. म्हटलं दोन-चार तपासण्या होऊ दे, काहीतरी साधं निघेल, मग हसत सांगू.

साधं निघालं नाही. दोन्ही किडन्या आक्रसल्यात. दहा टक्के काम उरलंय. आता यंत्रावर रक्त शुद्ध करायचं, आठवड्यातून तीनदा. किती दिवस विचारलं तर डॉक्टर म्हणाले, दिवस नाही, बाई, दुसरी किडनी मिळेपर्यंत.

मी त्यांना म्हटलं, पण ही छत्तीस किलोची आहे हो! ते म्हणाले, बीपी वजन विचारून येत नाही. सुरुवात कशी झाली हे आता कुणालाच सांगता येणार नाही. किडन्या मुळातच नाजूक असतील. बाबांचं ऐकल्यावर म्हणाले, त्यांचंही बीपीच असणार, पोटाला उगाच दोष देत बसलात. त्यावर रोजचं एवढं मीठ, ते कॅन, झोप नाही, हलणं नाही. मग विचारलं, डोकेदुखीच्या गोळ्या कोण देत होतं? कारण त्या गोळ्याही अशा किडन्यांना मारतात. मी म्हटलं, मी.

आणि मला सगळ्यांत मोठं सांगायचंय ते हे. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांपूर्वी बीपी कळलं असतं तर गोळ्यांवर पुष्कळ वर्षं काढता आली असती. दोन वर्षांपूर्वीही मीच तिला काट्यावर उभी केली होती. गेल्या वर्षीही आणि या वर्षीही. तिन्ही वर्षं माझ्या हाताने शिक्का मारला. पट्टा माझ्यापासून चार पावलांवर होता, पडद्यामागे.

काल तिला विचारलं, त्या दिवशी तू पट्टा लाव का म्हणालीस गं? म्हणाली, डोक्यात ठोके पडायचे ना, मला वाटलं तुला कळेल. सगळे हसले म्हणून मग नाही सांगितलं.

ये. काय हवं ते बोल मला, मार मला, पण ये.

ताई

२० नोव्हेंबर

धाकटे,

तू जाऊन बारा दिवस झाले. पोचल्याचं ढब्बूला कळवलंस, मला नाही.

एकोणीस दिवस तू या घरात होतीस आणि माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. मीठ दे, पाणी दे, एवढंही नाही. मी ताट वाढलं की तू उठून स्वतःचं घ्यायचीस. मी तक्रार करत नाही, तो तुझा हक्कच आहे. मी नर्स आहे. तुझी पोर माझ्यासमोर उभी राहून पट्टा लाव म्हणाली आणि मी विनोद केला. मी तुझ्या जागी असते तर घरात पाऊलही ठेवलं नसतं.

मला कळतं की तुला परत जावंच लागलं. तुझ्या कारखान्याच्या विम्यावर तिचं यंत्र चालतं. नोकरी सुटली की तेही सुटलं. ज्या पिंपाकडे तुला बघवत नाही, त्याच पिंपापाशी उभं राहायचं. त्यांनी मला घेतलं असतं तर तुझ्या जागी मी गेले असते गं.

सोमवार, बुधवार, शनिवार. सकाळी दहाला सुरू होतं, दोनला संपतं. मी रजा टाकून सोबत असते. लिहीत जा.

ताई

२८ डिसेंबर

धाकटे,

अजून उत्तर नाही. तरी लिहिते, तुला तिची खबर हवी असणार.

मानेतली नळी काढली. ऑपरेशन करून जोडलेली हाताची शीर आता तयार झालीय, तिथेच दोन जाड सुया टोचतात. ती टोचताना बघत नाही, भिंतीकडे तोंड करते. पाणी मोजून द्यावं लागतं, दिवसाला तीन पेले. पोर तहानेनं बर्फाचा खडा चोखत बसते आणि मी तिच्यासमोर पाणी पीत नाही. वर्गातल्या मैत्रिणी पहिले दोन आठवडे आल्या. आता येत नाहीत, त्यांच्या परीक्षा आहेत.

किडनीचं तुला माहीतच आहे. तुझी तपासणी तू इथे असतानाच झाली, तुझंच बीपी एकशे साठ निघालं आणि नाही म्हणाले. माझं आता झालं. मला साखर निघाली. मला, जी जगाची साखर मोजत फिरते! ढब्बू गेल्या आठवड्यात एकटीच जाऊन डॉक्टरांपुढे उभी राहिली. म्हणाली, माझी घ्या, मी धडधाकट आहे. अठराची झाली की देते. डॉक्टर तिच्याशी फार चांगलं बोलले, पण घराण्यातच हा दोष, तुला पुढे लागला तर तुला दोन्ही हव्यात, म्हणून नाही म्हणाले. तिकडून आली ती सरळ माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, मावशी, तीन वर्षं तुझं सगळं लक्ष माझ्या ताटात होतं. मग रडली. माझ्याशी भांडून रडली असती तर बरं झालं असतं, माझ्या कुशीत शिरून रडली.

म्हणजे आता नाव यादीत. आपल्यापुढे पुष्कळ जण आहेत.

अर्धे दिवस मी कामावर जाते. ऑफिसला लिहिलं, की पट्टा सगळ्यांना लावायला हवा, जाड्याला आणि काडीलाही. ऑफिस म्हणालं, वेळ कुठून आणायचा? मी आता कुणाला विचारत नाही. काट्यावरून उतरलं की पट्टा. रांग संध्याकाळपर्यंत चालते, शाळेचे शिपाई मला शिव्या देतात. परवा एका हाडकुळ्या मुलाचं बीपी एकशे पन्नास आलं. त्याच्या आईला बोलावलं तर ती मलाच म्हणाली, बाई, चष्मा बदला, त्याच्या अंगावर मूठभर मांस नाही, त्याला काय होतंय? मी तिच्यापुढे भर शाळेत हात जोडले. वेडी आहे असं समजून का होईना, नेलं तिने त्याला डॉक्टरांकडे.

याने तुझी काडी बरी होत नाही, हे मला माहीत आहे. तुला शिव्या द्यायच्या असतील तर त्या तरी लिही.

ताई

१७ जानेवारी

ताई,

तुझी दोन्ही पत्रं पोचली होती. उत्तर लिहायला चार वेळा बसले आणि चारही वेळा कागद फाडला.

तुला वाटतं मी पट्ट्यावरून बोलले नाही. ताई, खरं सांगू? पट्ट्याचा राग मला गाडीतच येऊन गेला. रजा मिळून निघाले तोवर तुझं पत्रही पोचलं होतं, आणि तिकडे येताना सहा तास मी मनात तुला वाट्टेल ते बोलत होते. मग आठवलं, ‘तिचा वाटा काडीला दे’ हे मीच लिहिलं होतं, माझ्या अक्षरात. तू शिक्का मारलास, तर मी मीठ मारलं. दोघींनी मिळून केलं, आणि दोघींनी जीव लावून केलं. कुणी कुणाला बोलायचं?

मी बोलले नाही ते वेगळ्याच गोष्टीसाठी. तुला आठवतं, तिच्या मानेत नळी घातली तो दिवस? मला आत येऊ दिलं नव्हतं. तू औषध आणायला खाली गेली होतीस. मी दाराबाहेर उभी होते, दाराला कान लावून. आत तिला दुखलं असणार. ती ओरडली. ताई, ती ‘मावशी’ म्हणून ओरडली. एकदा नाही, तीनदा. मी दारातच होते. मी आई होते आणि दारातच होते, आणि तिच्या तोंडून मी आलेच नाही.

त्यानंतर मला तुझ्याकडे बघवेना. तुझा राग नव्हता. तुझा हेवा वाटत होता, आणि त्या हेव्याची एवढी लाज वाटत होती की तोंड उघडलं असतं तर तेच बाहेर पडलं असतं. जिने तिला तीन वर्षं न्हाऊ-माखू घातलं, उठवलं, झोपवलं, तिलाच पोर हाक मारणार. मी कोण? मी खोकं पाठवणारी बाई. मी मनाशी म्हणायचे की पोटाला चिमटा काढून पोरींसाठी करतेय. आणि तिच्या उपयोगाचं माझ्या अख्ख्या अंगात काही निघालं नाही. किडनीसुद्धा नाही.

ढब्बूला मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात माफी मागितलीय, तू वाचू नकोस. तुझी माफी तू तिच्याकडे स्वतः माग.

मी आता जूनपर्यंत येऊ शकत नाही. रजा संपलीय, आणि विमा चालू राहायला हवा. म्हणून मी रोज वेळेवर येते, माप सोडते, कुणाशी बोलत नाही. शनिवारचे पुडे घेत नाही. बाया विचारतात, पोरींना आवडत नाहीत का आता? मी हो म्हणते.

एकच मागते तुझ्याकडे. सोमवार, बुधवार, शनिवार, दहा वाजता, सुई टोचताना ती भिंतीकडे तोंड करते असं तू लिहिलंस. तेव्हा ती तुलाच हाक मारत असेल. माझ्यासाठी म्हणून तिला ‘आईला हाक मार’ असं शिकवू नकोस, तू शिकवशील म्हणून सांगते. तुलाच मारू दे. फक्त ती हाक आली की लगेच ओ देत जा, ताई. मीही दहा वाजता इथे पिंपाजवळ उभी राहून ओ देते, पण ती तिला ऐकू जात नाही.

धाकटी